बीजपेशींचा कर्करोग उलटला तर कोणते औषध?



देवळाच्या आवारात, ग्रोटोच्या कडेला, दफनभूमीच्या भिंतीपाशी बारा महिने जी गुलाबी-पांढरी फुले दिसतात ती सदाफुली. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, पाणी घातले नाही तरी ती तग धरते, म्हणून तिची कोणाला फारशी किंमत नाही. जमैका बेटावरचे लोक तिचा काढा मधुमेहावर पितात असे कळल्यावरून कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर या संशोधकांनी तिची पाने तपासायला घेतली. साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातील प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातूनच १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. ज्या रोगावर या औषधाने मोठे काम केले, त्याची माहिती आज या पानावर द्यावयाची आहे.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, हा रोग म्हाताऱ्यांचा नाही. पंधरा ते चाळीस या वयातल्या, म्हणजे घरात नांगर-ट्रॅक्टर ज्याच्या हाती आहे त्याच माणसाला तो गाठतो. आणि दुसरे असे की, शरीरभर पसरल्यावरही, एवढेच नव्हे तर एकदा बरा होऊन उलटल्यावरही जो पुष्कळदा पूर्ण बरा होतो, असा हा विरळा कर्करोग आहे. घरची माणसे मात्र "आता उलटला, आता काय उरले" असे म्हणून रोग्याला घरी आणतात. हिवताप उलटतो म्हणून आपण औषध सोडत नाही. (हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली आपल्या सिकंदराबादेतच शोधून काढले, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) कर्करोग उलटणे हिवतापापेक्षा फार गंभीर आहे यात शंका नाही, पण या एका जातीच्या कर्करोगात उलटणे म्हणजे शेवट नव्हे.

रोग कोणता?

ज्या पेशींपासून पुरुषाचे वीर्यबीज व स्त्रीचे बीजांड तयार होते त्या बीजपेशी. गर्भ अगदी लहान असताना या पेशी एका जागी उत्पन्न होतात व शरीराच्या मध्यरेषेने प्रवास करीत आपल्या ठिकाणी, म्हणजे वृषणात किंवा बीजकोशात पोहोचतात. पेरणीच्या वेळी पाभरीतून काही दाणे बांधावर सांडावेत तशा काही पेशी वाटेत मागे राहतात. म्हणून हा रोग बहुधा वृषणात होतो, पण क्वचित पोटाच्या मागच्या भागात, छातीत दोन फुप्फुसांच्या मध्ये किंवा मेंदूतही होतो. क्रिकेटपटू युवराज सिंग यांना २०११ सालची विश्वचषक स्पर्धा जिंकून दिल्यानंतर जो रोग निघाला तो हाच, छातीतला. २०१२ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे त्यांनी केमोथेरपी घेतली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते पुन्हा मैदानात उतरले. त्यांचा रोग पहिल्या वेळचा होता, उलटलेला नव्हता, हे येथे लक्षात ठेवावे. मुलींमध्ये हाच रोग बीजकोशात होतो व त्यावरची औषधे बहुतांशी हीच आहेत.

वृषणात न दुखणारी गाठ येणे किंवा एक बाजू जड, टणक लागणे हे मुख्य लक्षण होय. आपल्याकडे अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसील पुष्कळांना असते, त्यामुळे तरुण मुलगा लाजेने बोलत नाही आणि बोललाच तर घरचे म्हणतात, "पाणी भरले असेल." कोणी तरी सुई घालून पाणी काढू पाहतो. हे कदापि करू देऊ नये. कर्करोगाच्या गाठीत वृषणाच्या पिशवीवरून सुई घातली किंवा तेथून छेद घेतला तर रोग नव्या वाटेने पसरण्याचा धोका असतो. योग्य शस्त्रक्रिया जांघेतून होते. आधी सोनोग्राफी, मग रक्ततपासणी, मग शस्त्रक्रिया, हा क्रम. ज्या बाळाचे वृषण जन्मानंतर खाली उतरलेले नाही त्याला पुढे हा रोग होण्याचा संभव अधिक असतो. सहा महिन्यांपर्यंत ते आपोआप उतरले नाही तर साधारण दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून ते जागेवर आणावे. मातांनी बाळाला न्हाऊ घालताना एवढे पाहून ठेवले तर पुष्कळ काम होईल.

पहिला उपचार

उलटलेल्या रोगाकडे जाण्यापूर्वी पहिल्या उपचाराचा इतिहास थोडक्यात पाहू. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहात होते. जंतूंची वाढ थांबली, पण ती विजेमुळे नव्हे. विजेच्या कांड्या ज्या प्लॅटिनम धातूच्या होत्या तो पाण्यात उतरल्यामुळे. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध आले. १९७४ साली इंडियाना विद्यापीठातील डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन, सदाफुलीचे व्हिनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन ही तीन औषधे एकत्र देण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी शरीरात पसरलेल्या या रोगातून फारच थोडे वाचत. त्यानंतर बहुसंख्य वाचू लागले. कर्करोगाच्या इतिहासात एवढा पालट इतक्या थोड्या वर्षांत फार कमी वेळा झाला आहे.

१९८७ साली व्हिनब्लास्टिनच्या जागी इटोपोसाइड घेण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, कारण परिणाम तितकाच किंवा अधिक चांगला व त्रास कमी. तेव्हापासून ब्लिओमायसिन, इटोपोसाइड व सिसप्लॅटिन मिळून बी.ई.पी. हा पहिला उपचार ठरला. शेतकऱ्यांना गंमत वाटेल म्हणून सांगतो : ब्लिओमायसिन हे मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळते (जपानच्या हामाओ उमेझावा यांचा हा शोध), आणि इटोपोसाइड पोडोफिलम नावाच्या रानवनस्पतीच्या द्रव्यापासून बनवतात, तिची एक जात आपल्या हिमालयात उगवते. एक औषध मातीतून, एक मुळातून, एक पानातून आणि एक सोनाराकडच्या धातूतून.

मात्र एक इशारा येथेच देतो. सदाफुलीत औषध आहे म्हणून तिची पाने उकळून पिऊ नयेत. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम एखादा ग्रॅम औषध निघते. काढ्यात ते किती उतरले हे कोणालाच कळत नाही, उलट त्याने विषबाधा होऊ शकते आणि केमोच्या औषधांत गोंधळ होतो. जे औषध शिरेतून, वजन-उंची मोजून, मिलिग्रॅमच्या हिशेबाने द्यावयाचे ते पातेल्यात उकळून घेता येत नाही.

पहिल्या उपचाराने किती बरे होतात? रोग्यांचे चांगला, मध्यम व कठीण असे तीन गट करतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय हिशेबात पाच वर्षांनंतर हयात असणारे अनुक्रमे शेकडा ९२, ८० व ४८ होते. २०२१ च्या नव्या हिशेबात हेच आकडे ९६, ८९ व ६७ झाले. औषधे तीच, ती वेळेवर, पुऱ्या मात्रेत व अनुभवी हातांनी देणे यानेही पुष्कळ फरक पडतो. म्हणून मळणी आली, लग्नसराई आली म्हणून केमोची तारीख पुढे ढकलणे हे घातक आहे. एकवीस दिवसांची फेरी एकवीस दिवसांनीच झाली पाहिजे.

रोग उलटला हे कसे ठरते?

बहुतेकांचा रोग उलटायचा तर उपचारानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत उलटतो. तो डोळ्यांना दिसण्याआधी रक्तात दिसतो. ए.एफ.पी. आणि बीटा एच.सी.जी. ही दोन द्रव्ये या गाठी रक्तात सोडतात. (गर्भ राहिला की नाही हे पाहण्याच्या पट्टीवर जे द्रव्य ओळखले जाते तेच हे एच.सी.जी.) गाठ गेल्यावर एच.सी.जी. दर दीड ते तीन दिवसांनी व ए.एफ.पी. दर पाच ते सात दिवसांनी निम्मे होत गेले पाहिजे. विहिरीचे पाणी उपसताना पातळी उतरत नसेल तर कोठे तरी झरा चालू आहे असे आपण समजतो, तसेच हे. आकडे उतरून पुन्हा चढू लागले की रोग परतला असा संशय येतो. परंतु एकाच आकड्यावरून घाबरू नये. यकृताच्या दुखण्याने ए.एफ.पी. थोडे वाढते, शरीरातले पुरुषी संप्रेरक कमी पडल्यास तपासणीत एच.सी.जी. खोटेच वाढलेले दिसू शकते. म्हणून तपासणी पुन्हा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करून घ्यावी.

आता महत्त्वाची गोष्ट. सगळेच उलटणे केमोने दुरुस्त होत नाही. पोटातली गाठ वाढते आहे आणि रक्तातले आकडे मात्र साफ आहेत, असे असेल तर ती टेराटोमा जातीची असू शकते. तिला केमो लागू पडत नाही. ती शस्त्रक्रियेने काढूनच टाकावी लागते. त्याचप्रमाणे दोन वर्षे उलटून गेल्यानंतर, कधी दहा वर्षांनीही, जो रोग परततो तो औषधाला फारसा दाद देत नाही. काढता येत असेल तर तेथेही शस्त्रक्रिया आधी. तेव्हा "कोणते औषध?" या प्रश्नाच्या आधी "औषध की शस्त्रक्रिया?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. केमो संपल्यावर उरलेली गाठ काढणे हाही उपचाराचाच भाग असतो. पोटाच्या मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळची ही शस्त्रक्रिया नाजूक असते. ती नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच व्हावी.

दोन वाटा

पहिल्या बी.ई.पी.नंतर दोन वर्षांच्या आत रोग परतला तर पुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट नेहमीच्या मात्रेची केमो. यात तीन मिश्रणे प्रसिद्ध आहेत आणि तिन्हींत सिसप्लॅटिन व आयफॉस्फामाइड ही दोन औषधे समान असतात. तिसरे बदलते. व्हिनब्लास्टिन घेतले तर व्ही-आय-पी (हिच्या नावात इंग्रजी ई अक्षर जास्त असते), इटोपोसाइड घेतले तरी नाव व्ही.आय.पी.च, आणि पॅक्लिटॅक्सेल घेतले तर टी.आय.पी. कागदावर नावे सारखी दिसतात म्हणून गोंधळ होतो. तिसरे औषध कोणते तेवढे विचारून घ्यावे. पॅक्लिटॅक्सेल हेही मूळचे यू नावाच्या झाडाच्या सालीतले आहे.

जो रोग इटोपोसाइड घेऊन परतला त्याला पुन्हा इटोपोसाइडच देण्यापेक्षा नवे औषध द्यावे हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. एकच तणनाशक दरसाल मारले की तण त्याला जुमानत नाही. व्हिनब्लास्टिनच्या मिश्रणाने सुमारे निम्म्या रोग्यांचा रोग तात्पुरता दिसेनासा झाला, पण कायमचे बरे झालेले सुमारे पावच. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग रुग्णालयाने टी.आय.पी.च्या चार फेऱ्या ४६ रोग्यांना दिल्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास दोन-तृतीयांश रोगी दोन वर्षांनंतरही रोगमुक्त होते. पण हे ४६ जण निवडक होते. त्यांचा मूळ रोग वृषणातला होता आणि पहिल्या उपचाराला त्याने चांगली दाद दिली होती. काळ्या जमिनीतला उतारा पाहून मुरमाड जमिनीचा अंदाज करू नये.

दुसरी वाट भारी मात्रेची केमो. कार्बोप्लॅटिन व इटोपोसाइड ही औषधे नेहमीच्या कित्येक पट मात्रेत देतात. एवढ्या मात्रेने हाडांतला मगज, जेथे रक्त तयार होते, तो जळून जातो व रोगी रक्त न बनल्याने दगावेल. म्हणून आधी रोग्याच्याच रक्तातून मूळपेशी यंत्राने वेगळ्या काढून गोठवून ठेवतात, मग भारी औषध देतात, आणि दोन-तीन दिवसांनी त्या मूळपेशी सलाइनसारख्या शिरेतून परत देतात. शेतात जालीम औषध मारण्यापूर्वी पुढच्या पेरणीचे बियाणे कणगीत काढून ठेवावे आणि मग पुन्हा पेरावे, तसा हा प्रकार. पेशी रुजून रक्त बनू लागायला दीड-दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस रोगी स्वतंत्र खोलीत, ताप-जुलाब-तोंडातले फोड सोसत असतो. बहुतेक ठिकाणी हे लागोपाठ दोनदा, काही पद्धतीत तीनदा करतात. हे दुसऱ्याचा मगज घेण्यासारखे नाही, त्यामुळे भाऊ-बहीण जुळते की नाही हा प्रश्न येथे येत नाही. गावातून चार भाऊ बरोबर घेऊन येण्याचे कारण नाही.

या वाटेचा सर्वांत गाजलेला हिशेब डॉ. आइनहॉर्न यांनीच २००७ साली दिला. १८४ रोग्यांपैकी ११६ जणांचा रोग गेला व हिशेब मांडेपर्यंत परत आला नाही. रोग पहिल्यांदाच उलटला होता अशा १३५ जणांत ९४, आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा उलटला होता अशा ४९ जणांत २२ जण वाचले. दुसऱ्यांदा उलटलेल्या रोगातही शंभरात पंचेचाळीस! उपचारातच औषधाच्या विषारीपणाने तिघे दगावले आणि आणखी तिघांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला, हेही त्याच हिशेबात आहे व ते लपवू नये.

मग दुसरी वाटच श्रेष्ठ नाही का? येथे हिशेब अवघड होतो. २००५ साली युरोपातल्या २८० रोग्यांच्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या मात्रेच्या चार फेऱ्या, दुसऱ्याला तीन फेऱ्या व शेवटी एकच भारी मात्रा. दोन्ही गटांत फरक पडला नाही. भारी मात्रेचे पुरस्कर्ते म्हणतात की एकच फेरी अपुरी होती. २०११ साली १४ देशांतल्या सुमारे १,६०० रोग्यांची जुनी कागदपत्रे एकत्र तपासली, तेव्हा पाच वर्षांनी हयात असणारे नेहमीच्या मात्रेत शेकडा ४१ व भारी मात्रेत शेकडा ५३ निघाले. पण कागदपत्रांच्या हिशेबात एक खोट असते. ज्याची प्रकृती धडधाकट त्यालाच डॉक्टर भारी मात्रा देतात, मग यश औषधाचे की प्रकृतीचे? तो संशय फिटावा म्हणून २०१५ पासून टायगर नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास हाती घेण्यात आला. त्यात ४२० रोग्यांचे चिठ्ठ्यांनी दोन गट करून टी.आय.पी.ची भारी मात्रेशी समोरासमोर तुलना करावयाची अशी योजना आहे.

माझे मत विचाराल तर असे. वाटेपेक्षा वाटसरू कोण हे आधी पाहावे. २०१० साली तज्ज्ञांनी उलटलेल्या रोग्यांसाठी गुणांकन ठरवले : मूळ रोग कोठे होता, पहिल्या औषधाला दाद किती मिळाली, किती महिन्यांनी परतला, आकडे किती चढले, यकृत-हाडे-मेंदू यांत गेला की नाही. सर्वांत सौम्य गटात दोन वर्षांनी शेकडा ७५ जणांचा रोग आटोक्यात होता, सर्वांत कठीण गटात शेकडा ६. सौम्य गटातल्या माणसाला टी.आय.पी. घरापासून जवळच्या चांगल्या रुग्णालयात पुऱ्या मात्रेने मिळत असेल, तर तीही सरळ वाट आहे. भारी मात्रा मिळाली नाही म्हणून हळहळू नये. कठीण गटात किंवा दुसऱ्यांदा उलटल्यावर भारी मात्रेचा विचार अवश्य व लवकर करावा. आणि दोन्ही वाटांत एक गोष्ट समान : अर्धवट केमो सर्वांत वाईट. दोन फेऱ्या घेऊन बरे वाटले म्हणून घरी परतणारा माणूस उरलेल्या रोगाला औषध पचवायला शिकवतो.

कोठे जावे, पैसे कोठून आणावेत?

आपल्याकडे लाल टेकडीवरचे मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय १९५५ पासून गोरगरिबांचा आधार आहे. पंजागुट्ट्याचे निम्स आणि २००० साली सुरू झालेले बंजारा हिल्सचे बसवतारकम रुग्णालय येथेही या रोगाची केमो होते. मूळपेशी परत देण्याची सोय कोठे आहे व किती दिवस थांबावे लागेल हे आधी विचारून घ्यावे. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) व त्याचेच खारघरचे केंद्र आहे. भारतातले पहिले यशस्वी मगज-रोपण १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटातच केले. ते पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून काम करणारे डॉक्टर आहेत, हे आपल्या तरुणांना मुद्दाम सांगावेसे वाटते. टाटाला जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

तेलंगणातील शिधापत्रिकाधारकांस आरोग्यश्री योजना लागू आहे. डिसेंबर २०२३ पासून तिची मर्यादा कुटुंबामागे दहा लाख रुपये झाली. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या वाचकांना ती लागू नाही. त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालय पाहावे. कोणती केमो योजनेत बसते व कोणती नाही हे सावकाराकडे जाण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेविकेला विचारावे. जमीन विकण्याची घाई करू नये. ती विकल्यावर योजना कळली असे होऊ नये. रेल्वेत कर्करोग्याला उपचारासाठी जाता-येता शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण भाडे माफ आहे, व सोबत्याला त्याच वर्गांत शेकडा ७५ सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते.

घरी आल्यावर

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी फार कमी असतात. त्या दिवसांत १००.४ अंश किंवा अधिक ताप आला तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री असली तरी रुग्णालय गाठावे. घरात थर्मामीटर हवाच. शेतकऱ्याच्या घरी धोके वेगळे असतात. शेणखत उपसणे, बुरशी आलेला कडबा वा भुसा हलवणे, कोंबड्यांचे खुराडे झाडणे, चिखलात अनवाणी उतरणे, फवारणी करणे ही कामे काही महिने दुसऱ्याकडे द्यावीत. बुरशीचे बारीक कण निरोगी माणसाला काही करीत नाहीत, पण या दिवसांत फुप्फुसात जाऊन ते जीव घेऊ शकतात. दूध उकळून, पाणी उकळून, अन्न ताजे.

सिसप्लॅटिनने मूत्रपिंड, कान व बोटांच्या टोकांच्या नसा यांवर परिणाम होतो. कानात आवाज येणे, मुंग्या येणे हे डॉक्टरांना सांगावे. आयफॉस्फामाइडने लघवीतून रक्त जाऊ शकते, म्हणून त्याबरोबर मेस्ना नावाचे औषध देतात. रोगी असंबद्ध बोलू लागला तर भूतबाधा समजू नये; तेही याच औषधाने होऊ शकते. तेव्हा लगेच नर्सला बोलवावे. ज्यांनी पूर्वी ब्लिओमायसिन घेतले आहे त्यांनी पुढे कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे, आणि विडी-सिगारेट कायमची सोडावी.

दोन नाजूक गोष्टी

पहिली संततीची. बी.ई.पी.नंतर पुष्कळांना पुढे मुले होतात. भारी मात्रेनंतर ती शक्यता कमी होते. म्हणून डॉक्टर केमोपूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याचे सुचवतात. वैवाहिक संबंधाबाहेर प्रयोगशाळेत गर्भ निर्माण करणे ख्रिस्तसभेला मान्य नाही. १९८७ सालच्या 'दोनुम विते' या निर्देशपत्रात ते स्पष्ट केले आहे. हा प्रश्न तरुण जोडप्याने एकट्याने, घाईत, केमोच्या आदल्या रात्री सोडवण्याचा नाही. आधीच फादरांशी व डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. लाज येथेही रोगाइतकीच नुकसान करते.

दुसरी, सर्व उपाय करूनही रोग हटला नाही तर काय. जेमसायटाबीन, ऑक्झालिप्लॅटिन अशी औषधे त्यानंतरही देतात व थोड्यांना त्यांनी गुण येतो. पण ज्यातून फारसा लाभ नाही आणि यातना मात्र मोठ्या, असा उपचार घेतलाच पाहिजे अशी ख्रिस्तसभेची सक्ती नाही. रोमच्या १९८० सालच्या घोषणेत हे सांगितले आहे. मरण घडवून आणणे वेगळे आणि निष्फळ उपचार नाकारणे वेगळे. वेदना कमी करणारे मॉर्फिन घेण्यात पाप नाही. मेहदी नवाज जंग रुग्णालयात वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे. आणि आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार हा केवळ मरणाऱ्यासाठी नाही. भारी मात्रेसाठी खोलीत बंद होण्यापूर्वीच फादरांना बोलवावे, कारण नंतर भेटीवर निर्बंध असतात आणि फुलांचा गुच्छ तर दाराबाहेरच ठेवावा लागतो.

फाइल

रोग उलटल्यावर नव्या रुग्णालयात पहिल्या दिवशी जे कागद मागतात ते बहुतेकांकडे नसतात. म्हणून आतापासून एक प्लास्टिकची पिशवी करावी. पहिल्या शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजीचा अहवाल, तसेच मेणातला ठोकळा व काचपट्ट्या (या रुग्णालयातून अर्ज करून मिळतात), केमोच्या प्रत्येक फेरीची तारीख व औषधांची मात्रा, ए.एफ.पी. व एच.सी.जी.चे सर्व आकडे तारखेसह एका कागदावर ओळीने, सी.टी. स्कॅनच्या सी.डी., शिधापत्रिका व आधारच्या नकला. ही पिशवी धान्याच्या कोठीवर ठेवू नये, उंदीर कुरतडतात. पत्र्याच्या पेटीत ठेवावी आणि ती कोठे आहे हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावे.